कातोवित्सेहून आलेलं रुपेरी पदक

मी, रिम्मा अर्काद्येव्हना लापशिना, वय अडुसष्ट, राहणार मॉस्को, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. डॉक्टरांच्या मते मी येता उन्हाळा पाहणार नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला जो येऊन गेला, त्याचं नाव पुढे येईलच.

कलम पहिले. माझा नवरा वेनियामीन, घरातला वेन्या, सोव्हिएत युनियनच्या आइस हॉकी संघात बचावफळीत खेळला. त्या संघाने वर्षानुवर्षं जगात कोणाला मान वर काढू दिली नाही, कॅनडालाही पाणी पाजलं. हे सगळं छापून आलेलं आहे. वर्षातले दहा-अकरा महिने या पोरांना गावाबाहेरच्या छावणीत कोंडून ठेवत, आणि फोनसाठी रांग लावून दोन मिनिटं बायकोशी बोलायला देत, हे मात्र कोणी छापलं नाही. जिंकले की मंत्र्यांकडे सत्कार, कारखान्यात सत्कार, आणि तिथूनच परस्पर छावणीत. ज्या देशासाठी हे केलं तो देशही आता नकाशावर नाही. माझी वर्षं कोणाकडे मागू?

कलम दुसरे. सुवर्णपदकं कोणी शोधू नयेत. युनियन मोडल्यावर दुकानं रिकामी झाली तेव्हा मी ती विकली आणि बटाटे आणले. मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

कलम तिसरे. बकव्हीटच्या दाण्यांच्या डब्यात तळाशी एक रुपेरी पदक आहे, ते माझी मुलगी झान्ना हिला द्यावं. १९७६ साली पोलंडमधल्या कातोवित्सेला जागतिक स्पर्धेत आपला संघ पहिल्याच सामन्यात यजमानांकडून हरला आणि शेवटी दुसरा आला. त्या संघात दुसरं येणं म्हणजे तोंडाला काळं फासणं. सत्कार रद्द झाले, आणि तोंड दाखवू नका म्हणून सगळ्यांना दोन आठवडे घरी धाडलं. वेन्या बॅग घेऊन दारात उभा राहिला.

"रिम्मा, हरलो गं."

"बरं झालं. बूट काढ आधी."

सारा देश सुतकात होता आणि मी ब्लिनीची धिरडी करत होते. माझ्या संसारातले तेवढेच दोन आठवडे मी सुखी होते. पुढल्या जानेवारीत झान्ना झाली.

कलम चौथे. वेन्याचे स्केट्स रोदियोन ग्लुश्कोव याला द्यावेत. हा त्याच्यासोबत खेळायचा, आता माजी खेळाडूंच्या मंडळाचा अध्यक्ष आहे. वेन्याची स्मृती गेल्याचं कळल्यावर गेल्या महिन्यात तो केक घेऊन आला.

"वहिनी, तुमच्यामागे त्याला आमच्या आश्रमात ठेवू. पाइनची झाडं आहेत, जुनी पोरं आहेत, पाहुणे येतात, फोटो काढतात. त्याला अगदी छावणीत असल्यासारखं वाटेल बघा!"

"म्हणूनच नको," मी म्हटलं.

"अहो, तो संघाचा माणूस आहे!"

"केक उचल आणि चालता हो, रोदियोन."

स्केट्स त्याने खुशाल भिंतीला टांगावेत. माणूस मिळणार नाही.

कलम पाचवे. राहता फ्लॅट आणि गावाकडची बागघराची जागा झान्नाला, एकाच अटीवर: वेन्या मरेपर्यंत या घरातून हलणार नाही. अट मोडली तर सगळं शेजारच्या झिनाइदा कुलिगिनाला जाईल. ती अट पाळेल, ती माझ्याहून खडूस आहे.

झान्ना, आता नीट वाच. त्याला हे घर म्हणजे छावणी वाटते आणि मी तिथली कामवाली. अंधार पडला की तो बॅग घेऊन दाराजवळच्या स्टुलावर बसतो आणि विचारतो, "जिंकलो का?" त्याला बरं वाटावं म्हणून मी आधी "जिंकलो" म्हणायचे. मग तो सत्काराच्या बसची वाट बघत पहाटेपर्यंत तसाच बसून राहायचा, जेवायचासुद्धा नाही. तू त्याला 'बाबा' म्हणू नकोस, त्याच्या लेखी तू अजून जन्मलेली नाहीस. पदक त्याच्या हातात दे आणि सांग, "हरलो. सगळ्यांना घरी सोडलंय."

मग तो बूट काढतो आणि विचारतो, "रिम्माला कळवलंय का?"

कळवलंय म्हण. ती वाट बघतेय म्हण.

मजकूर मी दोनदा वाचला आहे. वरील मजकुरात मी काही खोडलेलं नाही.

सही: रि. अ. लापशिना
साक्षीदार: फरीद गालिमोव, निवृत्त डॉक्टर; तमारा वेदेनेयेवा, ग्रंथपाल
मॉस्को, ११ फेब्रुवारी २०१९