हिरण्याक्षाचे स्थलांतर

११ फेब्रुवारी, मंगळवार
माशाच्या टाकीला तडा. खालच्या कोपऱ्यातून थेंब थेंब. आत हिरण्याक्ष शांत. सात वर्षांचा सोनेरी मासा, डोळेही सोनेरी. नाव मी सुचवलं होतं, कोणी घेतलं नाही. प्रगती त्याला बटाट्या म्हणते. नाशिकला कॉलेजला जाताना लेकीने एवढा एकच जीव माझ्यावर सोपवला. रविवारी येते आहे. फोनवर पहिला प्रश्न, बटाट्या कसा आहे? दुसरा प्रश्न नसतो.
स्टेशनजवळच्या नविनकडून नवी टाकी आणली. त्याने बजावलं, "काका, नळाच्या पाण्यात औषध असतं. दोन दिवस बादलीत राहू द्या, उडून जाईल. ताजं ओतलंत तर मासा गेलाच समजा." दोन बादल्या भरून मागच्या ओट्यावर ठेवल्या. संकल्प: गुरुवारी सकाळी नऊला गृहप्रवेश. घाबरण्यासारखं काही नाही. छाती धडधडते ती चहामुळे.

१२ फेब्रुवारी
थेंब आता मोजता येत नाहीत. खाली परात. पुष्पाचं म्हणणं, "अहो, डहाणूत जन्म गेला आणि माशाला हात लावायला घाबरता!" घाबरत नाही. स्पर्शाचा संस्कार नाही, इतकंच. बोंबलाशीही परिचय केवळ वासाने.
सराव म्हणून जाळीने बटाटा उचलून पाहिला. खराखुरा बटाटा. दोनदा पडला.

१३ फेब्रुवारी, सकाळी ९
जाळी पाण्यात घातली. तो एका कोपऱ्यात गेला, मी खोलीच्या दुसऱ्या.
९.१०: उधवा गावच्या रस्त्याची बातमी आठवली. वार्ताहराला कर्तव्य आधी. तलासरीची बस पकडली.
संध्याकाळी: रस्ता होता तसाच आहे. पाणी मात्र एक दिवस अधिक मुरलं. उत्तमच.

१४ फेब्रुवारी
तडा वीतभर. पाणी इतकं उतरलं की त्याची पाठ उघडी पडते आहे. आज नाही तर कधीच नाही.
तीन दिवसांचं पाणी नव्या टाकीत ओतलं. डोळे मिटून जाळी घातली. उघडले तर जाळीत मासा! पिशवीत घालून अर्धा तास तरंगत ठेवला, मग सोडला. सगळं शास्त्रोक्त. प्रगतीला विजयाचा मेसेज लिहायला घेतला.
दहा मिनिटांत मासा आडवा. तोंड वर, कल्ले फडफडताहेत. मी किंचाळलो, असं पुष्पा म्हणते. भांडी टाकून बायजी धावत आली. अकरा वर्षं आमच्याकडे काम करते. मी म्हटलं, तीन दिवसांचं पाणी, तरी असं कसं?
"कुठलं तीन दिवसांचं, भाऊ? रोज सकाळी बादल्या ओतते नि ताज्या भरते. तुम्हीच शिकवलंत ना, शिळं पाणी घरात नको." आणि म्हणून दाखवलं: पर्युषितं जलं त्याज्यम्. शुद्ध, अनुस्वारांसकट. वचन कुठल्याही ग्रंथातलं नाही. ती नवी होती तेव्हा मीच रचलं होतं, छाप पडावी म्हणून.
तिने मासा सरळ ओंजळीत उचलला, जुन्या टाकीतलं उरलंसुरलं पाणी पातेल्यात घेऊन त्यात सोडला. मी शेजारी बसून. दुपारी चारला शेपूट हललं. तोवर मी श्वास घेतला होता की नाही, आठवत नाही.

१५ फेब्रुवारी
पातेलं लहान. वळताना त्याचं तोंड शेपटाला लागतं. पाणी गढुळतंय. उद्या टाकीत गेला नाही तर प्रगतीला पातेलंच दाखवावं लागेल, आणि त्यात काय असेल कोण जाणे. जेवण गेलं नाही.
बादल्या कालच दुपारी पुन्हा भरल्यात. दोन्हींवर पाटी: 'हे पाणी शिळे आहे. ओतू नये.' बायजीला वाचता येतं, तरी तीनदा वाचून दाखवली. माणसांचा भरवसा नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
उठलो. अंघोळ करून ओट्यावर गेलो. दोन बादल्या शिळं पाणी. एक तुळशीला, एक जास्वंदीला. दोन्ही ताज्या भरल्या. पाटी वाकडी दिसली म्हणून सरळ केली, तेव्हा वाचली.
ओट्यावरच बसलो. बायजी आली. तिने ओली तुळस पाहिली, मग मला. "वाटलंच होतं," म्हणाली. शुक्रवारीच तिने न्हाणीमागे, माझी नजर जात नाही तिथे, एक पिंप भरून वर फडकं बांधून ठेवलं होतं.
दुपारी प्रगती आली. बटाट्या नव्या टाकीत ऐटीत. मी सांगितलं, स्थलांतर शास्त्रोक्त पार पडलं. तिने बायजीकडे पाहिलं. दोघी का हसल्या, कळलं नाही.
मासा सोडताना माझाही हात होताच. टॉर्च मी धरला होता. सकाळचे दहा वाजले होते.