धुण्याचा दगड

संगमनेर, रविवार

मेरीच्या पप्पांना प्रभूमध्ये सलाम.

मेरी आणि बाळ सुखरूप आहेत. फोन केला नाही, कारण इथं भिंतीपलीकडं सगळं ऐकू जातं.

जावयांवर माझा संशय होता. जस्टिन दर रविवारी उपासना सुटली की पिशवी घेऊन एकटेच डोंगरावर जातात. विचारलं तर म्हणतात, "वाचायला." घरात पंखा असताना डोंगरावर कोण वाचतं? मला दारूची शंका आली, त्याहून वाईटही आली.

आज मीही हट्टानं सोबत गेले. पिशवीत पाण्याची बाटली आणि या भागाच्या इतिहासाचं जुनं पुस्तक निघालं. मी बाटली हुंगूनसुद्धा पाहिली.

वर एका कोरलेल्या दगडापाशी त्यांनी वाचून दाखवलं. गुरं पळवणाऱ्यांशी लढताना गावचा माणूस मेला, की त्याच्या नावानं असा वीरगळ उभा करत. खाली गाई, मध्ये तो, वर चंद्रसूर्य.

"आई, घरी वाचलं तर नुसती गोष्ट वाटते. इथं तो पळत येताना दिसतो," म्हणाले. खालून गुरांच्या घंटा ऐकू येत होत्या.

आपल्या विहिरीवरच्या धुण्याच्या दगडालाही खालून गाई कोरल्यात ना? सपाट बाजू वर यावी म्हणून तुम्हीच तो पालथा घातला होता.

जावयांना बोलले नाही, लगेच दगड न्यायला टेम्पो घेऊन येतील. तुम्ही वेळेवर जेवता ना? कपडे आता बादलीत धुवा. आणि कुणाला तरी हाताशी घेऊन तेवढा दगड उताणा करा. इतकी वर्षं तो माणूस मातीत तोंड घालून पडलाय.

तुमची,
एस्तेर