तुझ्या अटी, माझी अट

प्रिय आई,

लाल पेन बाजूला ठेव आधी. मी जसं बोलते तसंच लिहिणार आहे, ऱ्हस्व-दीर्घ तू मनातल्या मनात नीट करून घे. आणि एकाच घरात राहून पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. बोलायला गेलं की तू म्हणतेस, 'चपला आणि फाईल दाराबाहेर,' आणि भाताचं भांडं माझ्याकडे सरकवतेस. राज्याची पर्यावरण सचिव रोज माझ्यासमोर बसून जेवते आणि मला तिची अपॉइंटमेंट मिळत नाही! आता याची तक्रार कोणाकडे करायची?

तू मला कधी सरळ 'नाही' म्हणालेली आठवतच नाही. मैत्रिणीकडे राहायला जाऊ? जा, पण स्वेटर घालून, पोचल्यावर फोन, आणि तिच्या भावाच्या स्कूटरवर बसायचं नाही. कुत्रा आणू? आण, पण सकाळी फिरवणं तुझं, पावसातसुद्धा. कुत्रा आलाच नाही. बाबा म्हणायचा, 'ही हो म्हणाली की समजायचं, आता आपली धडगत नाही.' आणि तू प्रत्येक अट तपासायचीस. मैत्रिणीच्या आईला फोन करून स्वेटरचं विचारलं होतंस, मेले होते मी लाजेने. पुढे कळलं की ऑफिसमध्ये तुला मागून 'अटीबाई' म्हणतात. पोट धरून हसले होते तेव्हा. आता नाही हसू येत.

बायपासवरच्या त्या मोठ्या गोदामाला तू परवानगी दिली होतीस ना, त्याच्या अटी वेबसाइटवर आहेत. प्रिंट घेऊन मी तिथे गेले. तू लिहिलंयस, पावसाच्या पाण्याचा नाला कायम मोकळा ठेवावा. आई, नाल्याच्या झाकणावर जनरेटर बसवलाय. बोल्ट मारून! तू लिहिलंयस, तोडलेल्या प्रत्येक झाडामागे दहा झाडं लावावीत. लावलीत की. हिरवे रंगवलेले लोखंडी पिंजरे आहेत ओळीने, आणि आत काड्या. एका पिंजऱ्यावर वॉचमनने टॉवेल वाळत घातला होता. मी कागद काढून बघायला लागले तर बिचारा धावत आला, 'चेकिंगला आलात का मॅडम? आजपर्यंत कोणी आलं नव्हतं हो.' खुर्ची पुसून दिली मला. इतकं कसंतरी झालं ना, बसवेना तिथे. संध्याकाळी फोटो उघडून फोन तुझ्या ताटाशेजारी ठेवला. तू एकेक मोठा करून पाहिलास, जनरेटरवर जरा जास्त थांबलीस, आणि म्हणालीस काय, तर 'जेव, गार होतंय.' एवढा राग आला होता की मी खरंच जेवले. रोजच्यापेक्षा जास्त.

आणि आता तो डेपो, ज्याची फाईल तुझ्याकडे आलीये. इलेक्ट्रिक बसेससाठी आमच्या ग्रुपने भर उन्हात सह्या गोळा केल्या, हे तुला माहितीये, माझ्या नाकाची सालं तूच काढलीस. बसेस मंजूर झाल्या तेव्हा मी घरभर नाचले. त्यांचा डेपो कुठे करायचा, तर म्हणे पाणथळीत भर टाकून! शहराचं सगळं पाणी पावसात जिथे जाऊन थांबतं, नेमक्या तिथे. तिथे थांबायला जागा नसली तर ते पाणी पंपहाऊसमागच्या वस्तीत शिरणार, हे कळायला डिग्री लागत नाही. त्या वस्तीत एकाही घराला वरचा मजला नाही. पलीकडे बंद गिरणीची जागा नुसती पडून आहे, पण ती म्हणे कोणाला तरी मॉलसाठी हवीये. या सगळ्यावर तू एकदाच तोंड उघडलंस, 'मग बसेस ठेवायच्या कुठे? तुझ्या खोलीत?' लागलं मला ते. कारण मागितल्या मीच होत्या. पण बस मागितली म्हणजे लोकांच्या चुलीत पाणी घाला असं नव्हतं ना मागितलं!

म्हणून मंगळवारी मी तुमच्या ऑफिसात गेले. हो, मास्क आणि टोपी घालून, हास खुशाल. तळमजल्यावरच्या खिडकीत लेखी हरकत द्यायची होती. म्हटलं, लेखी हरकत आली की लेखी उत्तर द्यावंच लागतं, म्हणजे एकदाचं बोलावं लागेल हिला माझ्याशी. फॉर्मवर एक प्रश्न होता, निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याशी नातं आहे का. मी ऐटीत लिहिलं, मुलगी. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म पाहिला, मला पाहिलं, मास्कसकट ओळखलं, आणि हळूच म्हणाल्या, 'ताई, हा मी घेतला ना, तर फाईल मॅडमकडे राहायची नाही. घरच्या माणसाची हरकत असली की फाईल दुसऱ्या साहेबांकडे जाते. उद्योग खात्याच्या.' हे तेच साहेब ना, ज्यांच्या पेनातून 'हो' सोडून दुसरा शब्द उतरत नाही असं बाबा म्हणतो? म्हणजे मी गप्प बसले तर तुझ्या अटी, ज्या कोणी पाळत नाही. आणि बोलले तर त्याही नाहीत. डोकंच फिरलं माझं. फॉर्म परत घेतला आणि जिन्यात बसून रडले. टोपी घालून रडणं फार वाईट दिसतं.

घरी आल्यावर सगळा राग बाबावर काढला. तो भांडी विसळत होता. मी म्हटलं, आईला कणाच नाहीये. त्याने नळ बंद केला. तुला माहितीये, बाबा कधी नळ बंद करून बोलत नाही. म्हणाला, 'तुझी आई पूर्वी "नाही" लिहायची. ठणठणीत. चौथीत तुझी शाळा का बदलली असं वाटतं तुला? आणि सातवीत?' मला तू सांगितलं होतंस की नवीन शाळेचं ग्राउंड मोठं आहे. ग्राउंड मोठं होतं, पण सातवीतल्या त्या शाळेत मी कितीतरी दिवस एक शब्द बोलले नव्हते. डबा तसाच परत आणायचे. तू गेटबाहेर गाडीत बसून राहायचीस, मांडीवर फायली घेऊन, मधल्या सुट्टीत मला दिसावीस म्हणून. त्यानंतर तुझी बदली झाली नाही, आपण कधीच गाव बदललं नाही. मला वाटायचं, आपलं नशीब चांगलं. फायली दाराबाहेर गेल्या त्याही तेव्हाच ना? आणि 'नाही' लिहिणं बंद झालं तेही.

म्हणून हे पत्र. हरकत मी दिलेली नाही, शुक्रवारी डेपोचा निर्णय द्यायचा तेव्हा फाईल तुझ्याचकडे असेल. पण माझी एक अट आहे. या वेळी अटी लिहू नकोस, 'नाही' लिही. वरचे खोडतील, तर खोडू देत, पण ज्याला खोडायचंय त्याला स्वतःच्या हाताने खोडू दे, खाली स्वतःची सही करून. बदली झाली तर होऊ दे. माझी आता कुठलीच शाळा बदलायची राहिलेली नाही, आई. खोकी मी भरेन, कपबश्या कागदात कशा गुंडाळायच्या ते तूच दोनदा शिकवलंयस. आणि नाहीच जमलं लिहायला, तर त्या दिवशी फाईल दाराबाहेर ठेवू नकोस. आत आण, ताटांच्या मध्ये ठेव आणि मला सांग, का नाही जमलं. तुझ्या अटी तिकडे कोणी तपासत नाही. माझी मी तपासणार आहे. शुक्रवारी दार मीच उघडेन.

तुझीच,
डोक्याशी अखंड भुणभुण करणारी,
भुंगा