ड्यूकच्या टोस्टवरचं लोणी

बुकित पंजांग, सिंगापूर
२ मार्च २०२५

ती. स्मिताआत्यास,
गार्गीचा शि. सा. न. वि. वि.

सोबत भाषांतराची चार ते सहा ही प्रकरणं पाठवते आहे. तू स्क्रीनवर वाचणार नाहीस आणि लाल पेन्सिलीशिवाय तुला चैन पडणार नाही, म्हणून हा पोस्टाचा खटाटोप. कादंबरीची गोष्ट अशी, की इस्टेट हातात यायची तर ड्यूकला लग्न करणं भाग असतं आणि नायिकेला डोक्यावर छप्पर हवं असतं. दोघं सोयीचं लग्न करतात आणि पुढे एकाची पंचाईत होते. दोनशे वर्षांपूर्वीचं इंग्लंड आहे, त्यामुळे कोणी काही बोलत नाही.

आमचं स्थळ तू जुळवलंस तेव्हा तुला सगळं सांगितलं होतंच. दोघांचं पीआर, म्हणजे इथल्या कायम रहिवासाचा परवाना, जुनं, पण एकट्याला सरकारी फ्लॅट घेता येत नाही, म्हणून क्षितिजला बायको हवी होती. मला मरीन परेडच्या घरमालकिणीपासून सुटका हवी होती. 'लाइट कुकिंग ओन्ली' म्हणत तिने मला तीन वर्षं फोडणी करू दिली नाही. फोडणीसाठी लग्न करणारी आपल्या घराण्यातली मी पहिलीच. दोन खोल्या, दोन कपाटं, भांडण नाही. छान चाललं आहे.

क्षितिजला कंपनी दोन वर्षांसाठी रॉटरडॅमला पाठवते आहे, एकट्याला, मे अखेरीस. त्याने मला विचारलं, जाऊ का. मी म्हटलं, तुला सोयीचं असेल ते कर. आमचं ठरलंच आहे तसं. बाकी विशेष काही नाही.

लोभ आहेच, तो पेन्सिलीच्या टोकातही थोडा उतरू दे.

तुझी,
गार्गी

कोल्हापूर
१४ मार्च २०२५

चि. सौ. गार्गीस,
अ. उ. आ.

प्रकरणं मिळाली. मराठी सुरेख झालं आहे, स्वल्पविराम मात्र उधळले आहेस. वाचता वाचता शंका आली, म्हणून मूळ इंग्रजी पुस्तक मागवून शेजारी ठेवलं. तीस वर्षं शाळेत पेपर तपासले आहेत, कॉपी पकडता येते तसं पदरचं घातलेलंही पकडता येतं.

मूळ पुस्तकातला ड्यूक पाचव्या प्रकरणात कोल्ह्यांच्या शिकारीला जातो आणि सहाव्यात घोड्यावरून पडतो. तुझा ड्यूक घरातच असतो. अठरा नोकर असताना टोस्टला स्वतः लोणी लावतो, तेही कडेपर्यंत, कारण बाईसाहेबांना कोरड्या कडा आवडत नाहीत. पाऊस आला की छत्री घेऊन फाटकापर्यंत सोडायला येतो. आणि ती बाहेरून यायच्या आत तिची खोली गार करून ठेवतो. अगं, इंग्लंडात भर जानेवारीत बायकोची खोली गार करून ठेवणारा नवरा तिच्या जिवावर उठलेला असतो.

हा ड्यूक कुठल्या गावचा, ते मला एका ओळीत कळव. आणि तो मे अखेरीस निघणार असेल तर त्याला थांब म्हण. एरवी तुझं तोंड कुठे बंद असतं.

माझा लोभ आहे, पण उत्तर सरळ आलं तर वाढेल.

तुझी,
स्मिताआत्या

बुकित पंजांग, सिंगापूर
२७ मार्च २०२५

ती. स्मिताआत्या यांस,
क्षितिजचा सा. न. वि. वि.

शाळेत परीक्षेत 'मामास पत्र' लिहिलं, त्यानंतर हेच. तेव्हा चूकभूल माफ असावी. हे पत्र आल्याचं कृपया गार्गीला सांगू नका.

प्रिंटर माझ्या खोलीत असल्याने तिची पानं मीच छापतो आणि छापता छापता वाचली जातात. ड्यूक सहा फुटी, कुरळ्या केसांचा, घोडेस्वार आहे. मी पाच फूट साडेपाच. केसांबद्दल तुम्ही लग्नात पाहिलंच आहे. घोडा राहू दे, मला सरकत्या जिन्याचीसुद्धा भीती वाटते. आमच्याकडे टोस्टला लोणी मी लावतो, छत्री घेऊन स्टेशनपर्यंत मी जातो, ती ऑफिसातून यायच्या आत एसी मी लावतो. तिने माझी सगळी कामं ड्यूकला दिली आहेत, फक्त माणूस बदलला आहे. त्यावरून तिला कसा नवरा हवा होता ते मला समजलं.

मला ती फार आवडते. पण आमचं तसं ठरलं नव्हतं, आणि माझ्यामुळे तिला स्वतःच्याच घरात अवघडल्यासारखं व्हायला नको. म्हणून रॉटरडॅमला जावं असं म्हणतो. एप्रिल अखेरीस सही करायची आहे. मी गेल्यावर तुम्ही तिला अधूनमधून फोन करत जा, एवढीच विनंती.

लोभ असावा, निदान तुमचा तरी.

आपला,
क्षितिज

कोल्हापूर
८ एप्रिल २०२५

चि. सौ. गार्गीस,
अ. उ. आ.

'रूपांतरात एवढं चालतं' हे तुझं उत्तर मिळालं. बरं, चालतं. मग अर्धवट कशाला, पुरतं रूपांतर कर.

ड्यूकचं वर्णन मला अजिबात पटलेलं नाही. सहा फूट छाटून पाच फूट पाच कर. कुरळे केस काढ आणि कपाळ मागे सरकत चाललं आहे असं लिही. घोडा विकून टाक. बाकीचं तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, ते तुझ्या मनाने घाल. आणि हे पान एप्रिल संपायच्या आत घरीच छाप.

कारण विचारू नकोस. मी एका माणसाला शब्द देऊन बसले आहे. मी शब्द मोडत नाही, थोडा वाकवते. ऐकलं नाहीस तर पेन्सिल खाली ठेवीन आणि ड्यूक खोली किती गार ठेवतो ते प्रकाशकाला कळवीन.

रागावलेली असले तरी लोभ तसाच आहे.

तुझी,
स्मिताआत्या

बुकित पंजांग, सिंगापूर
२६ एप्रिल २०२५

ती. स्मिताआत्यास,
गार्गीचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या धमकीला भिऊन लिहायला बसले. उंची आणि केस पाच मिनिटांत झाले, मग हात थांबेना. ड्यूक आईशी फोनवर बोलताना उभा राहतो. ड्यूक झोपेत शिपमेंटबद्दल बडबडतो, भिंतीपलीकडून ऐकू येतं. सरकत्या जिन्यापाशी आला की हळूच डचेसची बाही धरतो आणि धरली नाही असं दाखवतो. दोनशे वर्षांपूर्वी सरकते जिने नव्हते हे मला माहीत आहे. शेवटी डचेस म्हणते, की हा शिकारीला गेला तर या घरात मी कोणासाठी राहू.

पान छापायला दिलं. प्रिंटर थांबला तरी खोलीचं दार उघडेना. मी ओट्यापाशी उगाच कांदा चिरत राहिले. मग क्षितिज पान घेऊन आला आणि म्हणाला, ड्यूकची उंची अर्ध्या इंचाने चुकली आहे. मी म्हटलं, दुरुस्त करते. तो म्हणाला, बाकीचं बरोबर असेल तर ड्यूक शिकारीला जाणार नाही. आत्या, एवढी बडबडी मी, पण नुसती मान हलवली आणि रडत सुटले. कांद्यावर ढकलायचीही सोय नव्हती, तो त्याने बोलता बोलता झाकून ठेवला होता. मग त्याने तुला पत्र लिहिल्याचं कबूल केलं. तुम्हा दोघांशी मी एकदा सावकाश भांडणार आहे.

दुसऱ्या दिवशी त्याने नकार कळवला. त्याच्या साहेबांचा लगेच फोन आला, अशी संधी कोणी सोडतं का म्हणून. तो म्हणाला, फॅमिली रीझन. साहेबांनी काळजीने विचारलं, इंडियात कोणी आजारी आहे का. तो म्हणाला, नाही, फॅमिली इथेच असते, आत्ता माझ्या शेजारी बसली आहे.

आता लोभ करशील तो दोघांवर कर.

तुझी,
गार्गी