विटीनं गेलेला डोळा

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मी तुझ्याशी भांडायला बसलेय. तुझा नातू, तू कधी न पाहिलेला, आता तीन वर्षांचा आहे. त्याचा उजवा डोळा काचेचा आहे, माझ्यासारखाच. पहिल्या वाढदिवसाच्या फोटोत त्याची एक बाहुली पांढरी चमकत होती. मी म्हटलं, मोबाइलचा फ्लॅश असेल. पुढे तो तिरळं बघायला लागला, तर सासूबाई म्हणाल्या, तिरळं लेकरू नशीबवान असतं. मलाही ते गोड वाटलं. लातूरच्या डॉक्टरांकडे पोचलो तोवर डोळा गाठीनं भरला होता. त्यांनी विचारलं, "घरात लहानपणी कुणाचा डोळा काढलाय?" मी म्हणाले, "माझा. पण तो मामेभावाची विटी लागून. दीड वर्षाची होते." ते म्हणाले, "हा कॅन्सर कधी कधी आईकडून येतो. आधी माहीत असतं तर जन्मल्याबरोबर तपासलं असतं. डोळा वाचलाही असता." लेकराचा जीव वाचला. दुसऱ्या डोळ्याला धोका आहेच.

तशीच कंधारला गेले आणि मामाला धरलं. तुझ्याबरोबर दवाखान्यात तोच होता ना. "विटी कशाची? गाठ व्हती डोळ्यात. तुझी माय म्हणली, लोकायला कळलं तर पोरीला कोण करून घेईल? मंग म्याच म्हणलं, माझ्या पोराचं नाव सांग. पोराचं लगीन थोडंच अडतंय!"

तो पोरगा तेव्हा चार वर्षांचा होता, माय. अजून दिसतं मला: मी शाळेत जायला लागलेली, राखीचा दिवस, तू पोळ्या लाटतेयस, तो मनगट पुढं करून बसलाय, मी तोंड फिरवतेय आणि तू लाटणं थांबवत नाहीस. परवा त्याला फोनवर सगळं सांगितलं. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग म्हणाला, "म्हंजे तायडे, म्या मारलीच न्हवती?"

सगळे नको म्हणत असताना डोळा काढायला लावून तू मला जगवलंस, ते उपकार मी विसरत नाही. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तू म्हणायचीस. त्या मुठीत माझ्या लेकराचा डोळा गेला. याचा मला राग आहे आणि तो जात नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, तर एक सांगून टाकते. काल बालवाडीच्या फाटकाशी एका बाईनं विचारलं, "लेकराच्या डोळ्याला काय झालं हो?" खरं सांगायचं असं ठरवूनच गेले होते. तोंडातून निघालं, "क्रिकेटचा चेंडू लागला."

"अगं बाई! कुणी मारला?"

आणि माय, मी नाव शोधायला लागले.