सुमित्राच्या मापाचा व्हायोला

लातूर, ४ मार्च
हैदराबादहून व्हायोला आला. व्हायोलिनचाच थोरला भाऊ, आवाज खर्जातला. लातूर नवा जिल्हा झाला, त्याच्या कार्यक्रमात आमच्या व्हायोलिन क्लासतर्फे तो सुमित्रा वाजवणार. मास्तरांनी तिला उभं केलं, हात लांब करायला लावला. गळ्याशी धरलेल्या व्हायोलाचं टोक तळहातात आलं. "बसलं माप!"
मी म्हणालो, मास्तर, आपण मांडी घालून, टोक पायाच्या घोट्यावर टेकवून वाजवतो, उभ्यानं माप कशाला?
"नांदेडचं कॉलेज अर्ध्यात सोडून आलास, आता मला शिकवायलास?"
कान तापले. दार आपटून बाहेर गेलो.

७ मार्च
झालंच तसं. बसल्यावर टोक घोट्यावर ठरेना, पार पुढं जातं. सु. मान मागं ओढून वाजवते. करंगळी सुरापर्यंत पोचत नाही, मनगट सुजलंय.
मास्तर : "न्हाई जमत तर तानपुरा धर."
ती : "तानपुरा न्हाई धरणार."
बस्स. एवढंच. रडली नाही. काय पोरगी हाय!
जेवण गेलं नाही.

९ मार्च
दोन दिवस डोक्यात एकच. माझं व्हायोलिन तिच्या बरोबर मापाचं. त्यावरच व्हायोलाच्या तारा चढवल्या तर? जादा जोड सोबत आलेलाच.
तारा जाड, खाचांत बसेनात. कानशीनं खाचा रुंद केल्या. आता ते परत व्हायोलिन होणं अवघड. होऊ दे. या दुष्काळात हवा अशी कोरडी की खुंट्या आकसल्यात, ताणली की तार सुटते. टँकर आला, गल्ली घागरी घेऊन पळाली. मी खुंट्यांना खडू फासत बसलो. घरमालकीणबाई : "पाणी सोडून हे काय करायलास रे?"
मी पुढची खुंटी हातात घेतली.

११ मार्च
सु. सतरंजीवर बसली. टोक घोट्यावर अलगद. मान सरळ. करंगळी पोचली! खालची तार जरा घोगरी, पण सूर पक्का. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. मग माझ्याकडं बोट करून म्हणाले, "व्हायोला हीच वाजवणार. माप याचं खरं." सगळ्या क्लाससमोर! लई दिवसांनी ताठ मानेनं बसलो.
तेवढ्यात मास्तर, "आणि गाढवा, तू काय वाजवणार?"
हे सुचलंच नव्हतं.
सु. फिस्सकन हसली. निघताना चपला घालत म्हणाली, "तो मोठा व्हायोला तुम्हाला बसेल वाटतं. उद्या लवकर या, मी माप बघते. आणि दार आपटू नका."
मी बघते म्हणाली. मी.
सदरा धुवावा तर घागर कोरडी. मळका तर मळका. जाणार.