बोटांच्या पुढे

३ नोव्हेंबर
आले एकदाची भुईगावला. स्टेशनजवळच्या इमारती संपल्या, रिक्षा अरुंद गल्लीत वळली आणि दोन्ही बाजूंना केळी नि पानवेली लागल्या. सांगलीहून निघताना वसईत असं काही असेल असं वाटलं नव्हतं. डॉ. देवेंद्र राऊत यांचं घर बागायतीतच आहे. मेंदू आणि मज्जातंतूंवर बरीच वर्षं परदेशात काम करून ते आपल्या वाडीत परतलेत. मागच्या पडवीला काचा लावून प्रयोगशाळा केली आहे. मी फिजिओथेरपिस्ट, सहा महिन्यांसाठी. सध्या पेशंट एकच. खोलीच्या खिडकीत चिकूचं झाड आहे. समुद्र दिसत नाही, पण वारा खारट येतो. आज फार छान वाटतंय.

५ नोव्हेंबर
पेशंटचं नाव क्लेमेंट. याच गावचा, चाळिशीचा, फरश्या बसवणारा. चर्चच्या कॉयरमध्ये व्हायोलिन वाजवायचा. फरशी कापायच्या मशीनने डावं मनगट कापलं आणि नस तुटली. बोटं हलत नाहीत, चटका कळत नाही. बायको फेलिशिया इथेच राहते, सगळ्यांचा स्वयंपाक करते. ती त्याचा हात मांडीवर घेऊन बसते, आपल्याला बघवत नाही.

डॉक्टरांनी उपचार समजावला. मज्जातंतूंच्या आजूबाजूला ग्लिया नावाच्या मदतनीस पेशी असतात. नस तुटली की त्या पुढे जाऊन वाट साफ करतात, आणि त्या वाटेने नस वाढते. पण थोड्याच दिवसांत त्या थकतात. डॉक्टरांनी क्लेमेंटच्याच पायातल्या पेशी घेऊन प्रयोगशाळेत वाढवल्या आणि मनगटात सोडल्या. या थकत नाहीत, असं ते म्हणाले. म्हणताना चेहरा उजळला होता.

माझं काम, रोज हाताचा व्यायाम आणि टकटक. नसेवरून बोटाने टकटक करत जायचं. जिथे त्याला झिणझिण्या येतात तिथवर नस पोचली. तिथे पेनाने खूण.

१६ नोव्हेंबर
नस दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर वाढते असं शिकले होते. इथे खूण रोज जवळजवळ सेंटिमीटरभर पुढे जातेय. तळवा पार झाला. दिवसातले कितीतरी तास त्याचा हात माझ्या उजव्या हातात असतो. माणूस मोठा गमत्या आहे. म्हणतो, कॉयरवाल्यांना सांगून ठेवा, नाताळला मी उभा राहणार.

२३ नोव्हेंबर
बोटांची टोकं जागी झाली! फेलिशियाने चहाचा कप हातात दिला आणि तो "गरम, गरम!" म्हणून ओरडला. दोघं हसत हसत रडली. मीही. डॉक्टरांनी वसईहून केक मागवला.

२७ नोव्हेंबर
एक विचित्र गोष्ट झाली. व्यायाम संपवून मी टेबलावर सहज बोटं वाजवत होते. क्लेमेंटने हात झटकला. म्हणाला, मॅडम, हळू. त्याचा हात टेबलाला लागलेला नव्हता. चांगला वीतभर दूर होता.

२८ नोव्हेंबर
डॉक्टरांनी त्याचे डोळे बांधले. मी पलंगाच्या कठड्यावर टकटक केली. खुर्चीवर केली. भिंतीवर केली. प्रत्येक वेळी त्याने बरोबर सांगितलं. "माझ्या बोटांच्या पुढे आहे ते," म्हणाला. "पण माझंच आहे."
मी टकटक थांबवली. डॉक्टर मात्र आनंदात येरझारा घालत होते.

२ डिसेंबर
क्लेमेंट झोपत नाही. अंगणात कुणी चाललं तरी दुखतं म्हणतो. मी डॉक्टरांना म्हटलं, हे थांबवा. ते म्हणाले, पेशींना हात कुठे संपतो ते कळत नाही. त्यांना एवढंच कळतं, की तुटलेल्या टोकाला दुसरं टोक मिळायला हवं.

५ डिसेंबर
सकाळी क्लेमेंट किंचाळला. बोट धरून कळवळत होता. बोटाला काही झालेलं नव्हतं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून फेलिशिया आली, पदराला रक्त. विळीवर तिचं बोट कापलं होतं. तेच बोट.
तिने आजवर रोज त्याचा हात धरलाय.
मीही.

६ डिसेंबर
माझ्या उजव्या तळव्यात मुंग्या. दार लावून स्वतःवरच टकटक केली. झिणझिण्या मनगटापर्यंत. त्याची नस बोटांकडे उतरत होती. माझ्यात ती बोटांकडून वर चढतेय.

८ डिसेंबर
फेलिशियाची खूण मानेपर्यंत आली आहे. क्लेमेंटने पाणी प्यायलं की तिचा घसा हलतो. आज दोघांनी एकाच वेळी, एकाच आवाजात मला सांगितलं, "बाय, घरी जा तू."
माझी कोपराच्या वर.

विरारला माझा भाऊ राहतो, सुजय. त्याला फोन केला. न्यायला येतो म्हणाला. लगेच पुन्हा फोन करून नको म्हटलं. तो आला की आधी हात धरणार. लहानपणापासून त्याची सवय आहे.

९ डिसेंबर
क्लेमेंट डॉक्टरांच्या पाया पडला. कापा हो, म्हणाला. मेलेला हात बरा होता, माझी बायको मला परत द्या. डॉक्टरांनी त्याला हाताला धरून उठवलं. मग हो म्हणाले. उद्या सकाळी नस पुन्हा तोडायची.
फेलिशिया आता बोलत नाही. तो ज्या कुशीवर वळतो त्याच कुशीवर तीही —

१० डिसेंबर
डाव्या हाताने लिहितेय. अक्षर वाकडं आलंय.
क्लेमेंटला भूल दिली. त्याच क्षणी फेलिशिया स्वयंपाकघरात कोसळली. माझा उजवा हात लोंबकळला.
डॉक्टरांनी नस कापली. मनगटातून. कळ मला खांद्यात आली, इतकी की —
क्लेमेंटचं हृदय थांबलं. डॉक्टरांनी छाती दाबून पाहिली. बराच वेळ.
नंतर फेलिशियाकडे धावले. तीही गेली होती. उगीच. काही आजार नसताना.
मी कशी राहिले? डॉक्टर म्हणाले, तुमच्यात अजून खांद्यापर्यंतच होतं.
बोलताना ते स्वतःच्याच हातावर टकटक करत होते. आधी एकेक बोट. मग मनगट. मग कोपर. झिणझिण्या कुठवर येतात ते बघत होते.
आत गेले. आतून कडी घातली.

१० — संध्याकाळ
हात थंड. माझा वाटत नाही. पण हलतोय. बोटं चादरीवर चाचपतात. थांबतात. परत चाचपतात.
तिकडचं टोक तुटलंय. दुसरं टोक हवंय त्या पेशींना.
दोरीने पलंगाला बांधलाय. डाव्या हाताने नीट गाठ —

११
सुजय आलाय. नको म्हटलं होतं. तरी.
दारावर थापा. ताई, दार उघड. काय झालंय तुला, ताई.
परत जा म्हणायचंय. आवाज नाही. घसा माझा —
गाठ सुटलीय.

त्याने खिडकीची काच फोडली. कडी काढायला हात आत घातलाय. बोटाला थोडं रक्त आलंय त्याच्या.
मी उठलेली नाही. मी नाही उठले. हात उठलाय. मला ओढत नेतोय खिडकीकडे —
सुजय, हात मागे घे, हात मागे